बर्फातली चिंच

आइसलंडातल्या त्या बंदराच्या गावात चिंच मिळत नसे. म्हणून मेर्लिता सिनिगांग करायची तेव्हा माशाच्या त्या सारात अंगणातल्या रुबार्बचे आंबट देठ घालायची आणि दर वेळी लेकीला, आल्माला, बजावायची, "हे खरं नव्हे. खरं तुझी आजी करते."

आजी फिलिपिन्समधल्या इलोइलोहून पहिल्यांदाच आली, ती चिंच घेऊनच. आल्या आल्या तिने सार केलं. आल्माने दोन घास खाल्ले आणि चमचा खाली ठेवला.

"छान आहे आजी. पण सिनिगांगसारखं नाही लागत."

मेर्लिताला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अगं, आपलंच नकली आहे. किती वेळा सांगितलं तुला?"

आजीने फ्रिजमधलं मेर्लिताचं कालचं सार काढलं, गरम केलं आणि भातावर ओतून वाटी पुसून खाल्लं.

परत निघताना तिने रुबार्बचे दोन देठ ओल्या फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले.

"हे कशाला गं, आई?"

"शेजारणींना दाखवते. म्हणावं, माझ्या लेकीने बर्फातसुद्धा चिंच शोधून काढली."