लिंबाखालचा रांजण

गहिनीनाथचा हिशेब सरळ होता: खर्ची पडणार एक रांजण, पदरात पडणार जन्मभराची दुपारची झोप. शिंगणापुरात घराला दार लावायची रीत नाही. त्यामुळे एकाहत्तरच्या उन्हाळ्यात शनीच्या दर्शनाला आलेला जो तो तहानलेला थेट चौकटीतून डोकावायचा, "बाई, पानी मिळंल का?" त्याची बायको मनकर्णा उठून तांब्या द्यायची आणि गहिनीनाथ कूस बदलत करवादायचा, "ह्या घरात जिवाला शांतता म्हनून न्हाई!"

शेवटी त्याने बाहेर लिंबाखाली रांजण भरून ठेवला. पुढच्या शनिवारी एकही हाक आली नाही. पण गार पाण्याची वार्ता पसरली आणि गहिनीनाथचा डोळा लागायच्या आत रांजण कोरडा पडला.

"अगं, घागर आन भरून."

"रांजन तुमी मांडलाय. मी भरला तर पुन्य मला लागंल की!"

"मंग उचलूनच ठिवतो."

"ठिवा की. शनिदेव बघतोयच."

* * *

आता दर शनिवारी दुपारी त्या घरात गाढ शांतता असते. तिच्यात मनकर्णा घोरते, आणि त्या शांततेची किंमत गहिनीनाथ विहिरीवर पोहरा ओढत चुकवतो.