शेठच्या मोटारीचा खोकला

मोटार पुढ्यात येऊन उभी राहिली, तरी सहदेवला ती ऐकू आली नाही. दारात सावली पडली तेव्हा त्याने मान वर केली. शिळफाट्यावरच्या त्याच्या गॅरेजसमोर मुंबईच्या शेठची काळी विलायती मोटार उभी होती. इंजिन चालू होतं. आवाज म्हणाल तर झोपलेल्या मांजराएवढा.

सहदेवच्या हातातली बशी कलली. शेजारी बसलेला त्याचा थोरला भाऊ आबाजी मात्र चहा फुंकत राहिला.

या मोटारीचा आवाज सगळ्या तालुक्याच्या ओळखीचा होता. ती लांब चौक गावाला आली की इकडे खालापुरात कोंबड्या अंड्यांवरून उठत. एकदा तर तिच्या दणक्याने देवळातली घंटा आपोआप वाजली आणि गुरवाने वेळ झाली समजून आरती उरकून घेतली. मोटार लढाईच्या आधीची. तिचं सामान विलायतेतून यायचं बंद झालं होतं. सायलेन्सर सडला की शेठ खंडाळ्याच्या बंगल्यावर जाता जाता, घाट चढायच्या आधी, सहदेवकडे थांबायचा. सहदेव जुन्या ड्रमचा पत्रा कापून नवा सायलेन्सर करून द्यायचा. फक्त एका सांध्यात भाताच्या दाण्याएवढी फट ठेवायचा. मुद्दाम.

शेठ कुरकुरला की सहदेव म्हणायचा, "म्हातारी हाय शेठ. खोकणारच. खोकायची थांबली की काळजी करा."

शेठला पाताळगंगेकाठी कारखाना काढायचा होता. त्याला पाहिजे होती ती भातजमीन सहदेवच्या गावाची. कुणी विकायची नाही, असं गावाने मारुतीपुढे ठरवलं होतं. पण शेठ गोड बोलायचा. एकट्या माणसाला गाठून त्याने आजवर तीन गावं गिळली होती. म्हणून मोटार खोकली की सगळ्यांनी नांगर, पाभर, जेवणाचं ताट, असेल ते टाकून देवळात जमायचं. एकट्याने शेठपुढे बसायचं नाही. फटीची ही युक्ती आबाजीची. सहदेवला पत्र्याचं काम त्यानेच शिकवलं होतं.

सहदेवच्या वाट्याचे अडीच एकरही त्यातच होते. सातबाऱ्यावर नाव आबाजीचं, घरातला कर्ता म्हणून. कागदही आबाजीच्या घरी, आईच्या हिरव्या पत्र्याच्या पेटीत. पेटीच्या झाकणावर लाल चोचीचा पोपट रंगवलेला होता. हा पोपट कागदांची राखण करतो, असं आई सांगायची. लहानपणी सहदेव त्या चोचीला भ्यायचा. मोठा झाल्यावरही त्याने कधी पेटी उघडून बघितली नाही. थोरल्या भावाकडे कागद मागायचे म्हणजे त्याला चोर म्हणण्यासारखंच.

गेला महिनाभर गावात खोकला ऐकू आला नव्हता. शेठ दमला, असं आबाजीनेच देवळात सांगून टाकलं. सहदेवची बायको सोनाबाई हिने नारळ फोडला. आबाजी दोन दिवस खंडाळ्याला लेकीकडे राहून आला, त्याने सगळ्यांना चिक्की वाटली. सहदेवने दोन तुकडे जास्त घेतले.

आणि आता शेठ काच खाली करून हसत होता. ड्रायव्हर रेडिएटरमध्ये पाणी ओतत होता.

"बघ सहदेव, म्हातारी बरी झाली. तुला चार वर्षांत जमलं नाही ते."

"कुणी केलं शेठ?"

शेठने घाटाकडे बघत काच वर केली.

म्हणजे मोटार महिनाभर येतच होती. न खोकता. गावातलं कुणीतरी एकटं तिच्यापुढे बसलं होतं.

"कान्ह्या असंल," आबाजी म्हणाला. "खोपोलीत वेल्डिंगचं मशीन त्याच्याकडंच हाय."

"त्याची जमीन नाय आपल्यात, दादा. त्याला काय पडलंय?"

"माणसाचा काय भरवसा रं आजकाल."

सहदेवने गोणपाट अंथरलं आणि तो मोटारीखाली सरकला.

खोटं कशाला बोला, काम बघून आधी त्याचा जीव सुखावला. नळी सरळ, कुठे ताण नाही, पट्टे बेतशीर आवळलेले. सांध्यात केस शिरेल एवढीही फट नव्हती. मग त्याला दिसलं की वेल्डिंग कुठेच नाही. सगळं रिव्हेटवर होतं. मुंग्यांच्या रांगेसारखे जवळजवळ रिव्हेट आणि प्रत्येकाचं डोकं दोनच ठोक्यांत बसवलेलं. तालुक्यात असे ठोके मारणारे दोघेच. त्यातला एक मोटारीखाली पडला होता.

त्याला वाटलं, आपण उगाच भलतं बघतोय. हात भाजला तरी त्याने सायलेन्सर चाचपला. आत अ‍ॅस्बेस्टॉसचा जाड थर होता. त्यावर वेढलेला बाहेरचा पत्रा हिरवा होता. रंगाला फोड आले होते, पंख जळून काळे पडले होते. चोच तेवढी शाबूत होती. लाल.

तो बाहेर आला. हात पुसायला बोळा घेतला आणि न पुसताच टाकून दिला. ड्रायव्हरने झाकण लावलं. मोटार घाटाकडे निघून गेली, ती गेल्याचंही कुणाला ऐकू आलं नाही.

"दादा," सहदेव म्हणाला, "आईची पेटी कापलीस?"

आबाजीने बशी खाली ठेवली.

"बाजारात पत्रा घेतला असता तर तुला कळलं असतं रं," तो म्हणाला. "आन् पेटी नुसती पडून होती. आत काय नव्हतं आता."