तिसऱ्या जिमचा वजनकाटा

कॉलेज रोडवरची ही तिसरी जिम. वजन जास्त दिसलं की गिऱ्हाईक घाबरून फी भरतं, म्हणून हे लोक काटाच बिघडवून ठेवतात, असा साधनाला दाट संशय होता.

सहा महिन्यांच्या ओवीला कडेवर घेऊनच ती काट्यावर चढली. एकसष्ट.

“अहो ताई, बाळाला द्या की इकडे!” ट्रेनर शर्मिला हसली.

ओवी तिच्याकडे गेली. काटा एकसष्टवरच.

“बघा! पकडलं की नाही?”

“काहीतरीच! काटा नवा आहे.” ओवीला घेऊन शर्मिला स्वतः चढली. चोपन्न.

तिचं हसू मावळलं. “सकाळी मी एकटी चढले होते. तेव्हाही चोपन्नच.”

साधनाने ओवीला ओढून घेतलं. हाताला तर नेहमीसारखीच जड लागत होती.

“हिला एकटीलाच ठेवून बघू.”

ती वाकली, तशी ओवीने तिच्या गळ्याला मिठी मारली. दोघींनी ओढूनही ते इवले हात सुटेनात.