देवधरसाहेबांचा वस्तरा

चैतन्य सौदीतल्या जुबैलच्या जुन्या बाजारातून पाच-पाच रियालचे गंजके वस्तरे आणायचा आणि घरी बसून त्यांना धार लावायचा. सौदीकरणात, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घेण्याच्या धोरणात, नोकरी गेल्याचं पत्र त्याच्या हाती पडलं, त्याच आठवड्यात मॅनेजर देवधरसाहेबांनी आपल्या वडिलांचा वस्तरा त्याच्याकडे दिला. चैतन्यने चार संध्याकाळी खपून तो दगडावर घासला, चामड्याच्या पट्ट्यावर परजला आणि नेऊन दिला.

साहेबांनी मनगटावरचे केस सपकन उडवून पाहिले. "वा! अरे, इतकं कसब हातात असताना कंपनी सोडून का चाललास?"

चैतन्य म्हणाला, "मी सोडत नाही, साहेब. मला काढलंय. पत्रावर सही तुमचीच आहे."

"असेल. यादी दोनशे जणांची होती. नावं कुठं वाचत बसू?"