चौथा क्रमांक

“मॅडम, दुसरं काही कारण असू शकेल, हे तुम्ही तपासलंत का?” वर्गात ऋचाने विचारलं.

तनुजा संख्याशास्त्र शिकवायची. शक्य ती सगळी कारणं आधी फळ्यावर मांडा, मग एकेक खोडा, हा तिचाच धडा. आणि भेदभावाचं उदाहरण म्हणून दरवर्षी ती स्वतःचीच गोष्ट सांगायची. ब्याण्णव साली दिल्लीच्या वादविवाद स्पर्धेसाठी कॉलेजातून दोघांना निवडायचं होतं. सलिल आणि धम्मदीप गेले. तनुजा राहिली, कारण ती मुलगी होती.

“नाही तपासलं,” ती म्हणाली.

रविवारी ती वारज्याला महिपती सरांच्या घरी गेली. निवड त्यांनीच केली होती. सर आता शहाऐंशीचे झाले होते. आढेवेढे न घेता तिने विचारलं, “सर, मला का नाही पाठवलंत?”

सरांना राग आला नाही. त्यांनी कपाटातली एक फाइल तिलाच काढायला लावली. कागद पिवळे पडले होते, टाचणी गंजून चिकटली होती. पण ते हातात घेताच सदाशिव पेठेतला तो हॉल तिच्यापुढे उभा राहिला. कुरकुरणारा पंखा. धम्मदीपचा माइकशिवाय शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज. सलिलच्या कोट्या. सराव संपल्यावर अमृततुल्यात अर्धा अर्धा चहा, आणि त्यावर तासभर भांडण.

गुणपत्रक सरांच्या बारीक अक्षरात होतं. सलिल दुसरा. धम्मदीप तिसरा. मग ती. ‘तनुजा, चौथी. तयारी उत्तम. समोरच्याचं ऐकून घेत नाही.’

तिने ते दोनदा वाचलं. मग हसली. खोटं काहीच नव्हतं त्यात.

“म्हणजे तीस वर्षं मी तुमच्यावर उगाच आळ घेतला, सर.”

“उगाच कसा?” सर म्हणाले. “पहिला नंबर बघ ना कोणाचा आहे.”

तिने बघितला. आनंदी. तिसऱ्या क्रमांकापेक्षा नऊ गुण जास्त. नावावर लाल शाईची रेघ.

“दोघांचीच टीम,” सर सावकाश म्हणाले. “एक मुलगी, एक मुलगा, इतका लांबचा प्रवास. लोक काय म्हणतील, याला मी भ्यालो. तिच्या घरी विचारलंसुद्धा नाही. तू दुसरी आली असतीस, तर तुम्हा दोघींना पाठवलं असतं. निदान मी तशी स्वतःची समजूत घालत आलो.”

तनुजा आनंदीचा चेहरा आठवू लागली. तो नीट आठवेना. एवढंच आठवलं, की यादी लागली त्या संध्याकाळी आपण जिन्यात बसून रडत होतो. तेव्हा आनंदीच शेजारी येऊन बसली होती. स्वतःची सायकल हातात धरून ती खडकीपर्यंत चालत सोडायला आली, आणि सगळी वाट एकच सांगत राहिली, ‘अगं, तू बोललीस छानच.’

त्या सबंध वाटेत, ‘तुझं काय झालं गं?’ एवढंही तनुजाने तिला विचारलं नव्हतं.