खाच पाडलेली कासवं

कासवसाहेब होडीच्या काठावरून तिसऱ्यांदा ओकले, तेव्हा नावाड्याने तोंड फिरवून हसू दाबलं. तळ्यातली कासवं मोजायला वरच्या ऑफिसने पाठवलेला हा माणूस. पाण्यातल्या प्राण्यांवर याने दोन पुस्तकं लिहिली होती म्हणे, आणि होडी जरा हलली की याच्या पोटात ढवळायचं.

"मामा, उद्यापासून मी काठावरच बसतो," साहेब रुमालाने तोंड पुसत म्हणाले. "सापळे तुम्ही लावा, तुम्हीच काढा. मी नोंदी करीन."

"बसा की साहेब. पाण्यात काय ठेवलंय," नावाडी म्हणाला.

आठवडाभरात ऐंशी कासवं मिळाली. साहेबांनी काठावर मांडी ठोकून प्रत्येकाच्या पाठीच्या कडेला कानशीने बारीकशी खाच पाडली. बाळाची नखं कापावीत तसं हे काम चाललं होतं. नावाडी बघून बघून कंटाळला.

"आता ही जिथली तिथे सोडून द्यायची," साहेब म्हणाले. "पंधरा दिवसांत ती बाकीच्यांत मिसळतील. मग पुन्हा ऐंशी पकडायची. त्यांत खाचेची बरीच निघाली, तर तळ्यात एकूण कासवं थोडी. एखाददुसरंच निघालं, तर तळं भरलेलं."

नावाड्याने मान डोलावली. एवढ्यासाठी माणूस वीस वर्षं शिकतो?

त्याला काळजी होती ती घराची. काठावर तीन खोल्या आणि होड्यांची शेड, बापाने स्वतः उभी केलेली. कासवांची मोजणी झाली की काठावरची वस्ती ठेवायची की हटवायची ते ठरणार, अशी नोटीस प्रत्येक दारावर चिकटवली होती.

"किती निघाली तर घर राहतं, साहेब?"

"ते मोजणी संपेपर्यंत सांगायचं नसतं, मामा. सांगितलं की माणूस नकळत त्या आकड्याकडे झुकतो."

काय पण दिमाख! सांगायला कशाला हवं? हजारभर निघाली की सरकार म्हणणार, तळं कासवांचं, माणसांनी चालू लागा. शंभरेक निघाली तर तेवढ्यांसाठी कोण एवढी घरं पाडतंय? हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं.

कासवं सोडायला तो एकटाच गेला. सोळा पाण्यात सोडली. उरलेली चौसष्ट पोत्यांत भरून पलीकडच्या बाजूने घरी आणली आणि शेडमधल्या जुन्या, चुना सुटत चाललेल्या हौदात टाकली.

बायको कमरेवर हात ठेवून हौदापाशी उभी राहिली.

"अहो, हे काय आणलंत?"

"आपलं घर आणलंय. पाला टाकत जा त्यांना."

"त्या माणसाने सगळं तुमच्या भरवशावर सोडलंय हो."

"म्हणून तर तो गाढव. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना."

"आणि त्यांना कळलं म्हणजे?"

"कुणाला? ज्याला होडीत धड बसता येत नाही, त्याला?"

पंधरा दिवस बायको पाला टाकत राहिली आणि रोज एकदा तरी काठाकडे बघून येत राहिली.

दुसऱ्या खेपेला नावाड्याने हौदातली चौसष्ट आणि तळ्यातली नवी सोळा साहेबांपुढे आणून ठेवली. साहेब एकेक कासव उलटंपालटं करून बघायला लागले. एकाच्या पोटाला पांढरट चुरा लागला होता.

"हे काय लागलंय याला?"

"घाटाच्या पायरीशी सापडलं ते. घासलं असेल."

"असेल," म्हणून साहेबांनी लिहून घेतलं. नावाड्याला घाम फुटला होता. मग त्याला स्वतःचाच राग आला. या बावळटाला घाबरायचं?

सगळी बघून झाल्यावर साहेबांची पेन्सिल बराच वेळ हलली नाही.

"ऐंशीत चौसष्ट खाचेची. मामा, सापळे सगळ्या बाजूंनी लावले होते ना?"

"आईशप्पथ साहेब!"

"नाही, तुमच्यावर शंका नाही. ऐंशी गुणिले ऐंशी, भागिले चौसष्ट." साहेबांनी आकडा मांडला. "शंभर."

ते चहालाही थांबले नाहीत. कासवं कमी निघाली म्हणून याचं तिसरं पुस्तक बुडालं, असं नावाड्याला वाटलं. त्या दिवशी जेवताना त्याने साहेबांच्या ओकण्याची हुबेहूब नक्कल करून दाखवली. बायकोलाही हसू आवरेना.

महिन्याभराने साहेब कागद घेऊन आले आणि घरात न येता पायरीवरच बसले.

"या, या. काय ठरलं तुमच्या शंभर कासवांचं?" नावाड्याने दात काढून विचारलं.

"वाईट झालं, मामा. दोनशेच्या वर असती तर काठाला कुणी हात लावणार नव्हतं. शंभरच उरली म्हणजे ही जात संपत आली. तिला वाचवायला सगळी वस्ती तीन आठवड्यांत उठवायची आहे."

बायको दारात येऊन उभी राहिली. नावाडी तिच्याकडे बघेना.

"मी पाचशे तरी धरून चाललो होतो," साहेब म्हणाले. "तुमचं घर राहणार, याची खात्री होती मला. वरच्यांचाही विश्वास बसेना. पुन्हा मोजायची का, म्हणून त्यांनी विचारलं."

"मग मोजा की! पुन्हा मोजा, साहेब!" नावाड्याचा आवाज चिरकला.

"मी लिहून दिलं, गरज नाही. सापळे लावणारा माणूस खात्रीचा आहे."