मान वळवणारा कॅमेरा

"बघ, आता विहीरसुद्धा धड दिसत नाही," असं म्हणत मटिल्डाबाईंनी मोबाइल कॅमेरे बसवणाऱ्या अल्पेशच्या हातात दिला.

पडद्यावर दूध सांडल्यासारखं झालं होतं. त्या दुधात खोल कुठेतरी चाफ्याचं झाड होतं, ओटीवरचा झोपाळा होता. झोपाळ्यावर हॅट घातलेलं कुणीतरी. चेहरा नाही, नुसतं हलणं. तळ्याचा तळ वरून बघावा तसं.

"कॅमेऱ्याच्या काचेच्या आत वाफ धरलीय, आंटी. पावसात रबर गेलं असणार. पुसून काही होणार नाही, नवाच लावायला लागेल."

"मग लाव. पण आजच. किती दिवस नुसतं धुकंच बघतेय."

एव्हरशाईन सिटीतल्या त्या फ्लॅटमध्ये दुपार सुस्तावून पडली होती. मुलगा मर्विन कामावर गेलेला. बाईंचे गुडघे ओटीच्या पायऱ्या चढू देत नाहीत, म्हणून त्या इथं, लिफ्टच्या इमारतीत, आणि गास गावातली वाडी तिकडे. जेवण झालं की खिडकीशी खुर्ची ओढायची आणि मोबाइल उघडायचा. बाकीचा दिवस, त्या म्हणाल्या, कसाही गेला तरी चालतो.

"अंकल एकटेच तिकडे?"

"फ्रेडरिक?" बाई हसल्या. "त्याला वाडीतून कोण हलवणार? लग्न केलं माझ्याशी, संसार केळींशी."

अल्पेशने आपल्या मोबाइलवर एका कॅमेऱ्याचा फोटो उघडला. "हा घ्या. एका जागी बसतो, पण चित्र एकदम साफ. झाडावरचा पिकलेला चिकू ओळखाल."

"मान वळते?"

"वळायची गरजच नाही ना. सगळी ओटी येते त्यात."

"नको. मान वळली पाहिजे. मी इथून वळवली की त्याला तिथं कळतं. मग तो हात करतो."

त्यांनी पडद्यावर अंगठा सरकवला. धुक्यातला झोपाळा हळूहळू मधोमध आला. थोड्या वेळाने धुक्यातून एक हात वर झाला आणि पुन्हा विरून गेला.

"मग हा बेस्ट," अल्पेश म्हणाला. "मान फिरते, वर माइक, स्पीकर. तुम्ही इथून बोला, अंकल तिथून बोलतील. समोरासमोर बसल्यासारखं."

अंगठा थांबला.

"आवाज नको."

"त्याचे वेगळे पैसे नाहीत, आंटी."

"नको म्हटलं ना. इतकी वर्षं मी बोलत आले नि तो ऐकत आला. आता बसू दे त्याला निवांत."

"बरं, बंद करून देतो."

"बंद केलेला नको. नसलेलाच दे."

अल्पेशला हसू आलं. म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची एकेक तऱ्हा. "रेकॉर्डिंगचं काय करू? मोठी हार्डडिस्क टाकली तर जास्त दिवस राहतं. नाहीतर भरली की जुन्यावर नवं चढतं, जुनं पुसलं जातं."

"माहीत आहे मला." बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "ठेवायचं होतं ते मागेच पुसून गेलं. मला आताचं दाखव, पुरे."

बसल्या जागी त्याने नवा कॅमेरा बाईंच्या मोबाइलला जोडला. निघताना म्हणाला, "अंकलना फोन करून ठेवा, मी येतोय म्हणून."

"फोन कशाला? फाटक उघडंच असतं."

गासला स्कूटर लावली तेव्हा केळीच्या पानांतून येणारं ऊन हिरवं झालं होतं. मोगऱ्याचा वास जागच्या जागी उभा होता. पडद्यावर धुक्यात होतं ते सगळं इथं तसंच होतं, फक्त कुणीतरी पुसून ठेवल्यासारखं. झोपाळा कुरकुरत होता.

"फ्रेडरिक अंकल? मटिल्डा आंटींनी पाठवलंय. कॅमेरा बदलायचाय."

झोपाळ्यावरच्या माणसाने हॅटच्या काठाखालून फक्त वर, कॅमेऱ्याकडे पाहिलं.

अल्पेशने शिडी लावली, वायर काढली. तांबडा दिवा विझला.

"बंद झाला?"

"हो."

माणसाने हॅट काढली. खाली दाट काळे केस होते. "मी रॉबर्ट. वाडी मी घेतली बाईंकडून. फ्रेडरिक त्याच्या आधीच गेला. देवळामागं, क्रुसाखाली पुरलाय."

अल्पेश शिडीवरच थांबला. "पण आंटी तर..."

"ठाऊक हाय. वाडी घेतली त्या उन्हाळ्यात मोगरा खुडून दमलो नि इथं बसलो. खुंटीला ही हॅट होती, ती घातली. तर हा वरचा मान वळवून माझ्याकडं बघायला लागला! मी गमतीनं हात केला. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग कळलं, कोन बघतंय."

"मग आंटींच्या मोबाइलमधून हा कॅमेरा काढून टाकायचा ना."

"म्हातारी सगळं विसरलीय, तिला वाटतंय नवरा हाय. वाटू दे. माझं काय जातं? जेवलो की हॅट घालतो नि बसतो."

"पगार मिळतो का, ते पन सांग त्याला!" आतून त्याच्या बायकोचा, ग्रेसीचा आवाज आला. "कधी वाटतं, माझाच नवरा गेला."

रॉबर्ट हसला नाही. नव्या कॅमेऱ्याची लखलखीत काच तो निरखत होता. "चेहरा दिसेल ह्यात?"

"हॅट खाली ओढा."

त्याने हॅट डोळ्यांपर्यंत ओढली. अल्पेशने वायर जोडली. दिवा लागला. मग कॅमेऱ्याची मान हळूच वळली, विहिरीवरून, चाफ्यावरून, आणि झोपाळ्यावर येऊन थांबली.

रॉबर्टने हात वर केला. ओठ न हलवता तो पुटपुटला, "हल्लीचे कॅमेरे बोलतात म्हने. आवाज जात नाही ना? माझा ऐकला तर संपलंच तिचं."

"नाही जात," अल्पेश म्हणाला. "मी बोलणाराच देत होतो. आंटी म्हणाल्या, आवाज नको. बंद केलेलाही नको, नसलेलाच दे."

रॉबर्टचा वर केलेला हात वरच राहिला.